गाळपेरातला शंकर

सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावाचं पाणी दिवाळीनंतर हळूहळू मागं सरकायला लागतं आणि काठाला जी काळी ओली जमीन उघडी पडते तिला गाळपेर म्हणतात. कुणी हरभरा टाकतं, कुणी कडवळ, कुणी वांगी-टोमॅटो लावतं, आणि दोन वाफ्यांच्या मधे जिथं नांगर फिरत नाही, पाय टाकला की घोट्यापर्यंत आत जातो, तिथं लव्हाळा, पाणकणीस आणि बेशरमाची झुडपं आपली आपण वाढत राहतात. तिथं कुणी मुद्दाम जात नाही. वाळूत बसणारे तुतवार नाहीत, फोटोवाल्यांना पाहिजे असलेले रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, नाहीत, चिखल आणि डास एवढंच. आमचा शंकर तिथं राहतो, एवढासा एक पक्षी. आमचा म्हणजे माझा आणि बापूंचा.

बापू म्हणजे माझे वडील. शहराच्या पूर्वभागात एका डाइंगमधे त्यांनी ३२ वर्षं रंगाचं काम केलं, सुताच्या लड्या रंगाच्या हौदात बुडवायच्या, पिळायच्या, बांबूवर वाळत घालायच्या. घरी आले तरी नखांत रंग असायचा, सोमवारी लाल, बुधवारी हिरवा, लहानपणी मी त्यांच्या नखावरनं ओळखायचे की आज कुठली ऑर्डर चालू आहे. रिटायर झाल्यावर शुगर निघाली, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, पण गल्लीत चालून त्यांना कंटाळा यायचा, म्हणून दर रविवारी पहाटे त्यांना स्कूटीवर मागं बसवून तुळजापूर रोडनं हिप्परग्याला न्यायला लागले. त्याला आता सहा वर्षं झाली. मला पक्ष्यांचं तसं थोडं वेड आधीपासनं होतं, ऑफिसातल्या एका मैत्रिणीमुळं लागलेलं. बापूंना अजिबात नव्हतं. त्यांच्या दृष्टीनं चिमणी, कावळा, कबुतर आणि बाकी सगळं पिट्टा. तेलुगूत पक्ष्याला पिट्टा म्हणतात. आमच्या घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी, आणि मी स्वप्नं मराठीतच बघते.

तर पहिल्यांदा तो पक्षी त्यांनीच बघितला. डिसेंबरचा महिना होता, गवतावर दव होतं, मी लांब पाण्यात बसलेल्या चक्रवाकांवर दुर्बीण लावून उभी होते आणि बापू मागनं म्हणाले, अगं तो उंदीर बघ. बघितलं तर बेशरमाच्या बुडाशी एक तपकिरी काहीतरी पळालं, थांबलं, परत पळालं. उंदरासारखंच, अगदी जमिनीला धरून. मग ते थांबलं आणि त्यानं शेपटी वर केली आणि क्षणभर पंख्यासारखी पसरली, आणि शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना विटकरी रंग चमकला. उंदीर नव्हता. चिमणीपेक्षाही सडपातळ, पाय लांब, उभं राहण्याची ढब ताठ, डोळ्यावर पांढरी ठळक भुवई. एक वाळलेलं पान त्यानं चोचीनं उडवलं, खालचं काहीतरी उचललं, आणि मग आमच्याकडं तोंड केलं.

गळा निळा होता.

म्हणजे नुसता निळा नाही. वर निळा, मधोमध विटकरी ठिपका, खाली परत निळ्याची कड, मग एक बारीक काळी पट्टी, मग पुसट पांढरी, मग रुंद विटकरी. चादरीच्या काठासारखे पट्टे, एकाखाली एक. कोवळं ऊन सरळ त्याच्या अंगावर येत होतं. मी श्वास धरून उभी, आणि बापू हळू आवाजात म्हणाले, रॉयलच्या वर आहे, फिरोजीच्या खाली. मला आधी कळलंच नाही ते काय बोलतायत. ते शेड सांगत होते. ३२ वर्षं शेडकार्ड हातात धरलेला माणूस, समोर निळा आला की त्याला जागा शोधून देणारच. पण थोड्या वेळानं स्वतःच मान हलवली आणि म्हणाले, नाही, हा आपल्याकडं नाही.

त्या दिवसापासनं बापू माझ्या आधी उठून तयार असतात.

मराठीत या पक्ष्याचं नाव शंकर. कुणी नीलकंठी पण म्हणतं. नीळपंख म्हणून जो मोठा पक्षी तारांवर बसलेला दिसतो, दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात, तो वेगळा, त्याच्यात आणि याच्यात गोंधळ करू नका. हा एवढासा, वजन साधारण १५ ते २० ग्रॅम. दहा रुपयाची दोन नाणी तळहातावर ठेवून बघा, तेवढंच. शास्त्रीय नाव लुसिनिया स्वेसिका, त्यातलं स्वेसिका १७५८ साली लिनियसनं ठेवलेलं, म्हणजे स्वीडनचा. पूर्वी याला कस्तुर कुळात धरायचे, आता माशीमार पक्ष्यांच्या कुळात धरतात. मादीला निळा गळा बहुतेक वेळा नसतोच, तिचा गळा मळकट पांढरा आणि त्याभोवती काळपट ठिपक्यांची कंठी, पण पांढरी भुवई आणि विटकरी शेपटी नर-मादी दोघांनाही असते, त्यामुळं पळताना शेपटी दिसली की समजायचं.

बापूंना नाव सांगितलं तेव्हा ते खूश झाले. आम्ही पद्मशाली, मार्कंडेय ऋषी आमचे, नारळी पौर्णिमेला सोलापुरात मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा बापू अजूनही पायी मागं जातात. आणि मार्कंडेयाला यमाच्या फासातनं सोडवला कुणी, शंकरानं. शिवाय गावाचा धनी सिद्धेश्वर. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज निघतात, पांढरी बाराबंदी घातलेली माणसं, हर्र बोला हर्र, ती गर्दी, तो आवाज. आणि त्याच आठवड्यात शहरापासनं थोड्याच अंतरावर चिखलात हा एकटा शंकर गप्प किडे वेचत असतो. बापू यात्रेत पण जातात आणि त्या रविवारी हिप्परग्याला पण येतात. दोन्ही दर्शनंच आहेत म्हणतात.

मग त्यांचा खरा प्रश्न आला. रंग पक्का का कच्चा?

रंगाच्या माणसाला हाच प्रश्न पडणार. पक्का रंग म्हणजे लडी साबण-सोड्यात उकळली, पांढऱ्या कापडावर घासली तरी सुटत नाही तो. बापू सांगतात की निळीच्या हौदातनं लडी बाहेर काढली की आधी हिरवट-पिवळी दिसते, आणि हवा लागली की डोळ्यादेखत निळी होत जाते, नवीन पोरं ते बघायला काम सोडून उभी राहायची. म्हणजे निळा हा रंग किती अवघड, किती मिन्नतवारीचा, हे त्यांना हातानं माहीत आहे. मी वाचून त्यांना सांगितलं की बापू, त्या गळ्यात निळा रंगच नाही. ते माझ्याकडं बघत राहिले. खरंच नाही. पिसाच्या बारीक तंतूंच्या आत स्पंजासारखी अतिसूक्ष्म जाळी असते, त्या जाळीत हवेचे पोकळ कप्पे, आणि त्यांचं माप असं नेमकं की उजेडातला निळा तेवढा परत फेकला जातो, बाकीचे रंग खालच्या काळ्या थरात जिरतात. असलं निळं पीस कुटून त्याची पूड केली तर निळा नाहीसा होतो, हाताला मळकट तपकिरी भुकटी लागते. विटकरी पट्टा मात्र खरा रंग, रंगद्रव्याचा, आपल्या सुतासारखाच.

बापू बराच वेळ काही बोलले नाहीत. परत येताना स्कूटीवर मागनं म्हणाले, म्हणजे विणीत आहे. रंग विणीत आहे.

मी ते वाक्य घरी येऊन वहीत लिहून ठेवलं. जे मला समजावून सांगायला दहा मिनिटं लागली ते त्यांनी एका शब्दात धरलं, कारण विणीतनं दिसणारी नक्षी आणि छापलेली नक्षी यातला फरक ते लहानपणापासनं बघत आलेत. आजोबांचा हातमाग घरातच होता.

अजून एक गोष्ट. त्या निळ्यात आपल्याला न दिसणारा भाग पण आहे. पक्ष्यांना अतिनील उजेड दिसतो, आपल्याला दिसत नाही, आणि शंकरचा गळा अतिनील उजेड भरपूर परत फेकतो. १९९० च्या दशकात स्कँडिनेव्हियातल्या संशोधकांनी नरांच्या गळ्याला उन्हापासनं संरक्षण देणाऱ्या क्रीममधलं औषध लावून बघितलं. त्यानं निळा आपल्या डोळ्याला जवळपास तसाच दिसतो, फक्त अतिनील भाग दबतो. आणि माद्यांनी त्या नरांना कमी पसंत केलं. म्हणजे आम्ही जो निळा बघून श्वास धरून उभे राहिलो तो अर्धाच होता. बापूंच्या शेडकार्डात तो का बसला नाही त्याचं हे एक कारण मला तरी पटतं.

थंडीत आपल्याकडं असतो तेव्हा नराचा गळा तसा विसकटलेला असतो, मधे मधे फिकट, काहींचा तर जेमतेम निळा. फेब्रुवारी संपता संपता तो भरत जातो. दर रविवारी बघितलं तर फरक कळतो. बापू म्हणतात, दुसरा हात मारायला लागलाय.

आता कुठनं येतो ते. याच्या विणीचा प्रदेश केवढा मोठा, युरोपपासनं सगळा सैबेरिया ओलांडून पार अलास्काच्या पश्चिम टोकापर्यंत. तिकडं ओलसर गवताळ जमिनी, दलदलीच्या कडेची खुरटी झुडपं, भूर्ज आणि विलोची दाटी, अशा जागी जमिनीवरच गवताच्या गड्ड्यात घरटं करतो. अंडी साधारण ५-६, पिल्लं दोन आठवड्यांत घरट्याबाहेर. आणि थंडी पडायच्या आत निघायचं. प्रवास बहुतेक रात्री. अंगात चरबी साठवायची, रात्रभर उडायचं, दिवसा कुठंतरी ओल्या झुडपात उतरून खायचं, परत रात्री निघायचं.

शंकर भारतात येतात हे तर पूर्वीपासनं माहीत होतं, पण कुठले इकडं येतात हे नीट कळायला त्यांच्या पाठीवर यंत्र बसवावं लागलं. हे यंत्र मला फार आवडतं म्हणून जरा सविस्तर सांगते. एक ग्रॅमपेक्षाही हलका डबा, त्यात एक घड्याळ आणि उजेड मोजणारा डोळा, बस. ते कुठंही सिग्नल पाठवत नाही. फक्त रोज उजाडलं कधी आणि मावळलं कधी हे लिहून ठेवतं. दिवस किती लांबीचा होता त्यावरनं कळतं की उत्तर-दक्षिण कुठं होता, आणि भर दुपार किती वाजता झाली त्यावरनं कळतं पूर्व-पश्चिम कुठं. पण ते वाचायचं असेल तर पुढच्या वर्षी तोच पक्षी परत पकडावा लागतो, म्हणजे तो जाऊन जिवंत परत यायला पाहिजे, आणि त्याच जागी. नॉर्वे आणि चेक देशातल्या शंकरांवर हा प्रयोग झाला, २०१५ साली तो छापून आला. यंत्र लावलेले त्यातले काही परत सापडले. आणि उजेडाच्या नोंदी उलगडल्यावर दिसलं की नॉर्वेतला आणि चेकमधला शंकर हिवाळ्याला जवळच्या आफ्रिकेत न जाता पूर्वेला वळून थेट भारतीय उपखंडाकडं येतो. नकाशावर सरळ दोरी धरली तरी पाच-सहा हजार किलोमीटर. दोन नाण्यांच्या वजनाचा पक्षी.

आपल्या गाळपेरातला नॉर्वेचा का सैबेरियाचा का मध्य आशियातला, हे नुसतं बघून सांगता यायचं नाही, आणि लडाखचाही असू शकतो. हो, लडाखला पण हा वीण करतो, तिकडच्या नदीकाठच्या झुडपांत. म्हणजे याला परदेशी पाहुणा म्हणायची जी आपली सवय आहे ती तिथंच अर्धी गळून पडते.

आणि मला या पाहुणा शब्दाबद्दलच बोलायचं आहे. दर वर्षी थंडी पडली की पेपरात येतं, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं, परदेशी पाहुण्यांचं आगमन. लिहिणाऱ्याच्या मनात प्रेमच असतं, कळतं मला. पण हिशोब करा. हा आपल्याकडं ऑक्टोबरच्या सुमारास येतो आणि मार्च संपता संपता जातो. सहा महिने. तिकडं मे, जून, जुलै, फार तर ऑगस्ट. उरलेले वाटेत. म्हणजे वर्षातला सगळ्यात मोठा काळ हा इथल्या चिखलात काढतो, इथले किडे खातो, इथल्या बेशरमात झोपतो, गळ्याचा निळा इथंच भरतो. सहा महिने राहणारा पाहुणा कसा? आपण त्याला पाहुणा का म्हणतो, तर त्याची अंडी तिकडं होतात म्हणून. जन्म जिथला तिथला माणूस, बाकी सगळीकडं पाहुणा, असा तो हिशोब आहे.

हा हिशोब आमच्या घरानं फार ऐकलाय. आजोबा तेलंगणातनं आले, मागावर बसायला. बापू इथंच जन्मले, मी इथंच जन्मले, बापूंचं मतदान इथलं, उधारी इथली, देव इथले. तरी नवीन माणूस भेटला आणि आडनाव ऐकलं की दुसरा प्रश्न ठरलेला, तुम्ही मूळचे कुठले? वाईट हेतूनं कुणी विचारत नाही. बापू तेव्हा गावाचं नाव सांगतात, जिथं ते आयुष्यात सगळे मिळून सहा महिने पण राहिलेले नाहीत. मे महिन्यात डाइंगला सुट्टी मिळाली की आम्ही जायचो, लग्नं असायची, आंबे असायचे, आणि तिथले लोक आम्हाला काय म्हणायचे? सोलापूरवाले. मी लहान असताना रडले होते एकदा यावरनं. आजी म्हणाली होती, दोन घरं असलेल्याला रडायला काय झालं.

सोलापूर शहरच असं आहे. एका गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू, आणि चहाच्या टपरीवर सगळ्यांची मिळून एक पाचवी भाषा. बापू हौदावर तेलुगू बोलायचे, मालकाशी मराठी, सूत आणून टाकणाऱ्या गाडीवाल्याशी कन्नड, आणि रंग विकायला येणाऱ्या चाचांशी दखनी. एका वाक्यात तीन भाषा यायच्या आणि कुणाला काही वाटायचं नाही. मारुती चितमपल्ली इथलेच, १९३२ चा जन्म, जंगलखात्यात आयुष्य घालवलं, पक्ष्यांची गावोगावची नावं आदिवासींकडनं, पारध्यांकडनं, मासे धरणाऱ्यांकडनं गोळा केली, आणि १८ जून २०२५ ला सोलापुरातच गेले. एका पक्ष्याला दहा बोलींत दहा नावं असतात आणि ती सगळी खरी असतात हे या गावात वाढलेल्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही, असं मला आपलं वाटतं.

म्हणून मला शंकरबद्दल जी गोष्ट वाचून सगळ्यात जास्त हलल्यासारखं झालं ती ही. पार उत्तरेकडं, जिथं तो घरटं करतो, तिथल्या सामी लोकांच्या भाषेतलं त्याचं नाव जुन्या पुस्तकांत दिलंय, त्याचा अर्थ शंभर जिभांचा. कारण तो नकला करतो. स्वतःचं गाणं म्हणता म्हणता दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज त्यात गुंफतो, वेगवेगळ्या जातींचे. असा शंभर जिभांचा पक्षी चार भाषांच्या आमच्या गावात येतो आणि सहा महिने जवळपास एक शब्द बोलत नाही. फार तर चक्‌ असा एक कोरडा आवाज, तो पण आपण फार जवळ गेलो तर.

बापूंना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, नवीन गावात गेल्यावर आधी ऐकायचं असतं. तुझे आजोबा एक वर्ष ऐकत होते म्हणे.

तीन वर्षांपूर्वी एक वाईट झालं. जानेवारीचा शेवटचा रविवार. आम्ही पोहोचलो तर लांबनंच वास आला. आमच्या त्या पट्ट्यातलं पाणकणीस आणि गवत कुणीतरी पेटवून दिलेलं, बेशरमाचे काळे दांडके तेवढे उभे, राख ओली होऊन चिखलात मिसळलेली. जमीन साफ करायला पेटवतात, अजून चार वाफे निघतात त्यात, आणि ज्याच्या पोटाला ते चार वाफे लागतात त्याच्यावर मी काय रागवू. पण मी तिथंच बसले आणि रडले. झाडं तोडली तर निदान कुणीतरी बोलतं. पाणकणीस जाळलं तर ते कुणाच्या खिजगणतीत नसतं, कारण ते सगळ्यांच्या लेखी घाणच आहे. ओली, नापीक, डासांची, साप-विंचवाची जागा. सुशोभीकरण म्हणजे सगळ्यात आधी हीच जागा बुजवायची, पेव्हर टाकायचे, कट्टा बांधायचा. आणि या पक्ष्याला लागते ती नेमकी हीच जागा, पायाखाली ओल आणि दोन उड्यांवर लपायला झुडूप, दुसरं काही लागत नाही. वेताचं वन नको, अभयारण्य नको. माळढोकासाठी नान्नजला १९७९ पासनं अभयारण्य आहे, ते पाहिजेच होतं, तरी माळढोक कुठं राहिले ते आपण बघतोय. शंकरासाठी बोर्ड लागणार नाही कधी. त्याची जागा कुणाच्या नजरेत भरत नाही म्हणून आजपर्यंत टिकली आणि कुणाच्या नजरेत भरत नाही म्हणूनच एका काडीत जाते.

बापू माझ्याशेजारी उभे होते. त्यांनी रडू नको असं म्हटलं नाही. काठी टेकत टेकत ते काठानं पुढं गेले, पार पुढच्या विहिरीच्या मोटरपर्यंत, जिथं पाइप गळत होता आणि त्या गळतीवर एक हातभर रुंद गवत वाढलेलं. बराच वेळ उभे राहिले. मग तिथनं हात वर केला. मी पळत गेले. तिथं होता. शेपटी वर, भुवई पांढरी, गळत्या पाइपच्या चिखलात टुणटुण करत. तोच का दुसरा, मी सांगू शकत नाही. बापू म्हणाले तोच. म्हणाले, आपली खोली पाडली तेव्हा आपण काय सोलापूर सोडलं? दोन गल्ल्या पलीकडं गेलो.

ते खरं आहे. मी सात वर्षांची होते.

या वर्षी बापूंचे गुडघे फार दुखतात. स्कूटीवरनं उतरताना धरावं लागतं, त्यामुळं आम्ही रस्त्यापासनं जवळच्या कडेलाच थांबतो, प्लास्टिकचं स्टूल मी पुढच्या फूटबोर्डवर घालून नेते, त्यावर ते बसतात, डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी, थर्मासमधे बिनसाखरेचा चहा. एका जागी बसल्यानं उलट जास्त दिसतं हे मला या वर्षी कळलं. आधी गप्पीदास येतो, बोरूच्या शेंड्यावर बसून सगळ्यांवर नजर ठेवतो. मग धोबी येतात शेपट्या हलवत. वटवट्या आत कुठंतरी कुरकुरत असतो. आणि आपण अर्धा तास हललो नाही की लव्हाळ्याच्या बुडातनं, सावलीतनं, शंकर दोन उड्या मारून उजेडात येतो.

मार्चचा दुसरा रविवार होता. ऊन सातलाच चावायला लागलेलं, पाणी अजून मागं गेलेलं, गाळपेरातला हरभरा निघून गेला होता. शंकर दिसत नव्हता. गेला वाटतं, मी म्हणाले. बापूंनी बोट ओठावर ठेवलं.

बेशरमाच्या जाळीतनं आवाज येत होता. फार हळू, पुटपुटल्यासारखा, चोच मिटूनच कुणी गुणगुणतंय असा. आधी चिर्र चिर्र, काही कळेना. मग मधेच धोब्याचा आवाज आला, तो दोन तुकड्यांचा, पण धोबी तर समोर चिखलात गप्प चालत होता. मग वटवट्याचं टिकटिक. मग परत ते स्वतःचं पुटपुटणं. आम्ही एकमेकांकडं बघितलं. बापूंचे डोळे लहान पोरासारखे झाले होते. मग एक आवाज आला, बारीक, घंटेसारखा, तीनदा, जो मी सोलापुरात कुठल्याच पक्ष्याच्या तोंडनं ऐकलेला नाही. हे कुठलं, मी खुणेनं विचारलं. बापू तेलुगूत म्हणाले, ते तिकडचं असेल. मागचं विसरला नाही ना, बघून घेतोय.

तेवढ्यात वाफ्यावरनं एक बाबा आले, खांद्यावर पाइपचं भेंडोळं, बापूंच्याच वयाचे. ताई, काय बघायलाव एवढं? मी जाळीकडं बोट दाखवलं. दुर्बीण दिली त्यांना. थोडा वेळ शोधलं त्यांनी आणि मग त्यांना दिसला, कारण ते एकदम हसले. गळा बघा की कसाय, म्हणाले. मग दुर्बीण खाली करून बापूंना विचारलं, लांबचा दिसतोय. परदेशी का हो?

नाही नाही, बापू म्हणाले. इथलाच आहे. उन्हाळ्यात गावाला जातो.

असं होय, म्हणाले ते. परत बघितलं. कधी निघणार?

आठ-पंधरा दिवसांत. दिवाळीच्या आधी येतो परत.

त्या बाबांनी मान डोलावली, पाइपचं भेंडोळं दुसऱ्या खांद्यावर घेतलं, आणि जाळीला वळसा घालून, पलीकडच्या बाजूनं, वाफ्याकडं गेले.